कातडं नसलेला ढोल

ये गं, ये. अशी दारातून मान काढून काय बघतेस? जवळ बस. आणि आधी मला एक सांग, तुझ्या आईने माझ्या दुकानातून नेलेला ढोल तुमच्या घरी अजून आहे ना? त्याच्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. वाढदिवसाला आलेले तेव्हा. बोलले नाही, कारण तोंडात केक होता. पण ढोलावर कुंडी ठेवायची नसते बाई. पाणी झिरपतं, कातडं कुजतं, आणि मग तुम्हीच म्हणता, मावशींनी फसवलं, दोन वर्षांत फाटला. ढोल आहे तो, स्टूल नाही. आज घरी गेलीस की पहिली कुंडी उचल. उचलशील ना? मग ऐक.

दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, "मावशी, दुकानाबद्दल लिहा, अगदी पहिल्यापासून." पहिल्यापासून लिहायला बसले तर पुढच्या दिवाळीला संपेल. म्हणून जे आठवतं तेवढंच लिहिते. माझी शाळा गुजराती, तीही सातवीपर्यंत. मराठी अक्षरं मी वडिलांना गावाहून पत्रं यायची त्यांच्यावरून लावत लावत शिकले, त्यामुळे माझं लिहिणं पत्रासारखंच होतं, तू समोर बसल्यासारखं. चालवून घे.

माझा जन्म आफ्रिकेतला. टांझानियात टांगा म्हणून एक बंदर आहे, तिथला. वडील घायपाताच्या मळ्यावर कारकून होते. दोर करतात ना, तो घायपात. लग्नही तिथल्याच मराठी मुलाशी झालं. आमचे हे फिटर. ऐंशी साल उलटल्यावर तिकडचं काम संपलं आणि यांना कोलशेतच्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही ठाण्याला आलो. सगळे म्हणायचे, "बरं झालं, परत आलात." अगं, मी इथून कधी गेलेच नव्हते, तर परत कशी येणार? मी नवीनच आलेले. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा चिंच आणि आमसूल यातला फरक शेजारणीकडून शिकले.

येताना दोन ट्रंका भरून सामान आणलेलं. कांगा म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ती रंगीत कापडं, टोपल्या, लाकडी मुखवटे, बियांचे खुळखुळे आणि चार ढोल. बघायला शेजारणी यायच्या, कोणी टोपली मागायची, कोणी कापड. एक ट्रंक अशीच रिकामी झाली, तेव्हा हे म्हणाले, "घरात बाजार भरवण्यापेक्षा गाळाच घे की." टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत आठ बाय दहाचा गाळा घेतला. पाटी रंगवणाऱ्याला मी फक्त "आफ्रिकन हस्तकला" एवढंच लिहायला सांगितलेलं. त्याने न विचारता शेजारी सिंह काढला. सिंहाला आयाळ जमली नाही, मफलर गुंडाळल्यासारखा दिसायचा. पहिले पंधरा दिवस लोक येऊन विचारायचे, सर्कसची तिकिटं इथे मिळतात का.

माल यायचा तो माणसांबरोबर. माझा भाऊ टांग्यालाच राहिलेला. तिकडून कोणीही मुंबईला यायला निघालं की त्याच्या सामानात हा चार टोपल्या, दहा कांगा खुपसायचा. पण ढोल कोण आणणार? एक ढोल म्हणजे एक माणूसच की. तेव्हा ढोल मी इथे करायला लागले.

करायला येत होते म्हणून केले. आमच्या टांग्याच्या घराशेजारी बी म्वानाइशा राहायची. 'बी' म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतो तसं. लग्नकार्यात बायकांचा ढोल वाजवणारी ती मुख्य. तिकडे त्या वेळी पुरुषांना आत यायची परवानगीच नाही. पुरुष बाहेर बसून पिलाव शिजवतात. माझी आई शिवण शिवायची आणि मी बीच्या अंगणात पडलेली असायचे. तिने मला वाजवायला कमी आणि करायला जास्त शिकवलं. म्हणायची, वाजवणाऱ्या पुष्कळ आहेत, कातडं ताणायला कोणी नाही.

तुला म्हणून सांगते, ढोल म्हणजे काय असतं. एक खोड घ्यायचं, आतून आरपार पोखरायचं, वरचं तोंड रुंद, खालचं अरुंद. जाडी सगळीकडे सारखी, बोटाच्या दोन पेरांएवढी. हा झाला खोळ. मग बकऱ्याचं कातडं दोन दिवस पाण्यात भिजवायचं, ओलं असतानाच खोळाच्या तोंडावर ताणायचं आणि कडेने लाकडी खुंट्या ठोकायच्या. वाळलं की कातडं आपोआप आवळतं. आवाज मऊ वाटला तर उन्हात ठेवायचा, ऊन नसेल तर कागद पेटवून वरून शेकायचा. पावसाळ्यात ढोल आजारी पडतो. जून ते सप्टेंबर मी सगळे ढोल एका पत्र्याच्या कपाटात घालून आत साठचा बल्ब लावून ठेवायचे. हे म्हणायचे, "कोंबड्यांची अंडी उबवतेस काय?"

लाकूड आंब्याचं लागतं. तिकडेही आंब्याचंच वापरायचे. त्या दिवसांत बाळकुमला झाडं पडत होती, शेतं जाऊन इमारती यायला लागलेल्या, त्यामुळे खोडाला तोटा नव्हता. कातडं कल्याणच्या एका चाचांकडून यायचं. ते मला 'आपा' म्हणायचे आणि दर वेळी विचारायचे, "आपा, यहाँ ढोलकीवाले कम हैं क्या, जो आप अफ्रीका से आईं?" गिऱ्हाईक विचारायचं, "ओरिजिनल आहे ना?" मी सांगायचे, लाकूड बाळकुमचं, कातडं कल्याणचं, हात टांग्याचा. आता तुम्हीच ठरवा. अर्धे हसून घ्यायचे, अर्धे मुखवट्यांकडे वळायचे.

मुखवट्यांचंही ऐक. कल्याणच्या एका भांडीवाल्याने दुकानाला दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यात विक्राळ मुखवटा नेला. महिन्याने घेऊन परत आला. म्हणाला, "ताई, दृष्ट लागायची थांबली, पण गिऱ्हाईकही थांबलं." मी हसरा मुखवटा बदलून दिला. तो त्याने शेवटपर्यंत ठेवला, वर लिंबू-मिरचीसकट.

कांगांची गंमत वेगळीच. त्या प्रत्येक कापडाच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं, तिकडच्या भाषेत. बायका तोंडाने बोलायचं नाही ते कापडाने बोलतात. शेजारणीला टोमणा मारायचा तर तसं वाक्य असलेला कांगा नेसून तिच्या दारावरून दोन फेऱ्या मारायच्या. डोंबिवलीच्या एका शाळाबाईंनी सासूबाईंच्या साठीला एक सुंदर पिवळा कांगा नेला. वाक्याचा अर्थ विचारला नाही, मीही सांगितला नाही. अर्थ होता, 'तू बोलत राहा, माझं जेवण झालं.' सहा महिन्यांनी बाई आल्या, म्हणाल्या, "सासूबाईंना फार आवडला, रोज पांघरतात. काय लिहिलंय हो त्यावर?" खरं सांगावं की नाही? मी सांगितलं. बाई दुकानात खुर्चीवर बसून इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं. जाताना म्हणाल्या, "अजून एक द्या. मला."

असं सगळं चाललेलं. पण मला लिहायचंय ते चांगुणाबाईंबद्दल. आणि त्यात माझी चूक आहे, ती झाकणार नाही.

दुकानाला आठ-नऊ वर्षं झालेली. एका सकाळी दारात टेम्पो थांबला. मागे आंब्याचं भलंमोठं खोड, पुढे ड्रायव्हरशेजारी दामू म्हणून बाळकुमचा माणूस आणि त्याची आई. खाडीवर जाळं टाकणारं कोळ्यांचं घर. त्यांच्या दारचा आंबा नव्या रस्त्यात गेलेला. दामूने खोड उतरवलं आणि निघाला, पण आई उतरून माझ्यासमोर उभी राहिली. सत्तरीची, काटक, कोळी पद्धतीचं लुगडं. गळ्याला रुमाल बांधलेला. बोलली तेव्हा मी दचकले. आवाज नव्हताच, नुसता घासल्यासारखा वारा.

"याचा काय करतीस, त्ये मी येऊन बगनार," म्हणाली.

"या की आई, कधीही या."

ही चांगुणाबाई. तुला ठाऊक नसेल, तुम्ही नव्या इमारतीतल्या मुली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवळे म्हणतात. मांडव घालताना, हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना, प्रत्येक कामाचा वेगळा धवळा. म्हणणारी ती धवलारीण. पूर्वी भटजीच्या आधी तिला बोलावणं जायचं आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय काम पुरं झालं असं कोणी मानत नसे. बाळकुम-कोलशेतातल्या निम्म्या संसारांची हळद चांगुणाबाईंच्या तोंडून लागलेली. पण आदल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जीव वाचला, हे खरं. मला एकदा म्हणाल्या, "डाक्तरनी जीव ठेवला नि मना बायेर काडला."

त्या खरंच यायला लागल्या. आठवड्यातून एकदा, मंगळवारी. मी खोड पोखरायला बसलेली असायचे, त्या पाटावर बसून बघायच्या. "जरा हलू मार. झाड हाय त्ये, लाकूड नंतर." असं चालायचं. खोळ तयार झाला त्या दिवशी वाकून आत बघितलं आणि आत तोंड घालून काहीतरी पुटपुटल्या. मग थांबल्या. परत पुटपुटल्या. मला वाटलं, झाडाशी बोलतायत.

वर आल्या त्या डोळे मोठे करून. "गो बाय, यो मना दे."

"देईन की. कातडं चढवते, खुंट्या ठोकते, आठ दिवसांत वाजायला लागेल."

"कातडं नको. आसाच दे."

आता इथे माझी चूक. बी म्वानाइशाचा एक नियम होता. कातडं न चढवलेला खोळ उंबऱ्याबाहेर काढायचा नाही. मुकं भांडं ज्या घरात जातं त्या घरातलं बोलणं पिऊन टाकतं, असं ती म्हणायची. मी लहानपणी ऐकलेलं, आणि नऊ वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. कुंड्या करायला रिकामे खोळ मागणारे आले, त्यांनाही परत पाठवलेलं. त्याचा मला अभिमान होता. त्यात ज्या बाईचा आवाजच गेलाय, तिच्या घरी मुकं भांडं कसं पाठवू?

मी म्हटलं, "आई, बिनकातड्याचा ढोल मी विकत नाही."

"मंग इकू नको. तसाच दे."

"दुकानाचा नियम आहे."

"दुकान तुजा. आंबा कोनाचा?"

मी हसले आणि विषय बदलला. त्या हसल्या नाहीत. त्यांना काय पाहिजे होतं हे मी विचारलंसुद्धा नाही, इतकी मी माझ्या धंद्यात हुशार.

पुढच्या मंगळवारी सगळं कळलं. नातीचं, नंदाचं लग्न ठरलेलं. दामूने आईला सांगून टाकलेलं, "आये, तू नुसती मांडवात बस. भटजी हायेत, बँड सांगितलाय, धवल्यांची कॅसेट पन मिलते." चांगुणाबाईंनी माइक लावूनही बघितलेला, कोलशेतच्या एका लग्नात. माइकने वारा मोठा केला, आवाज नाही. लोकांना वाटलं, मशीन बिघडली. आता नातीच्या हळदीला आपण म्हटलं नाही तर पुन्हा कुठल्याच मांडवात आपल्याला बोलावणं येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पन्नास वर्षं जे काम केलं ते आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत कॅसेटने संपायचं. हे सगळं त्यांनी त्या वाऱ्याने सांगितलं, थांबत थांबत. अर्धा तास लागला.

मला भरून आलं आणि लगेच माझी अक्कल धावली. म्हटलं, "आई, तुम्ही काळजीच करू नका. आमच्या टांग्याला ढोल पुढे असतो, गाणं मागे. मी येते हळदीला, तुमच्याच आंब्याचा ढोल घेऊन. मी वाजवीन, बायका म्हणतील, तुम्ही फक्त ओठ हलवा."

त्या काही बोलल्या नाहीत. मी समजले, कबूल आहे. आता वाटतं, इतकं बोलून दमलेल्या बाईला 'नाही' म्हणायलासुद्धा आवाज उरला नसेल.

मी कातडं चढवलं. उत्तम चढवलं. इतका सुरेख ढोल माझ्या हातून आधी झालेला नव्हता. आमच्या यांनी एक थाप मारून बघितली, म्हणाले, "हा बाळकुमला वाजला तर कोलशेतला कारखान्याचा भोंगा समजून लोक शिफ्टला जातील."

हळदीचा दिवस. दुपारचे तीन वाजलेले. मांडवात जातं मांडलेलं, त्यात हळकुंडं. पाच सवाष्णी जात्याचा खुंटा धरून बसलेल्या. बाळकुमची रीत अशी, की हळद दळायचा धवळा सुरू झाला की तो संपेपर्यंत पाचही जणींनी खुंट्यावरचा हात सोडायचा नाही. कोपऱ्यात नंदा, नवरी. दामू बँडवाल्यांना वडे वाढत होता. चांगुणाबाईंनी सुरुवात केली. वारा. पुढच्या दोन बायकांना ऐकू आलं असेल. त्यांनी ओळ उचलली, आणि मी ढोलावर हात टाकला.

अगं, धवळ्याला ताल नसतो! हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. तो श्वासावर चालतो. म्हणणारी जिथे थांबेल तिथे जातंही थांबतं, ओळ लांबली की फेरा लांबतो. मी वाजवलं तिकडचं, नाचायचं. दोन फेऱ्यांत बायकांच्या माना डोलायला लागल्या, तिसऱ्याला कोणीतरी टाळी धरली. बाहेर ताशेवाल्याच्या हातात वडा होता, तो त्याने खिशात टाकला आणि माझा ठेका उचलला. मुली नाचायला उठल्या. मला वाटलं, काय छान जमलं! मान वर करून बघितलं तर चांगुणाबाई गप्प झालेल्या. तोंड मिटलेलं, नजर जात्यावर.

हळूहळू सगळं थांबलं. ताशा सगळ्यात शेवटी थांबला.

जात्याभोवतीची सगळ्यात म्हातारी, गंगूआय, म्हणाली, "चांगुना, धवला मोरला ना गो. आमी हात सोरू का?"

चांगुणाबाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

"आगं पन किती येल? माजी कंबर गेली."

दुसरी म्हणाली, "मना तर शिंक येतंय. नाक कोन धरल?"

कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. मोडलेला धवळा ही काही हसायची गोष्ट नव्हती. नवरीच्या हळदीलाच अर्धवट राहिला म्हणजे जन्मभर बोल लागणार, आणि तो नंदाला लागणार, मला नाही. नंदाची आई रडकुंडीला आलेली. दामू आत आला, बघितलं आणि म्हणाला, "मी सांगत व्हतो. लावू का कॅसेट?"

मी ढोल पोटाशी धरून बसलेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालेलं मला.

चांगुणाबाई उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि ढोलावर बोट ठेवून म्हणाल्या, "कातडं काड."

मी म्हटलं, "आई..."

"काड."

खुंट्या उपटायला हत्यार लागतं, वेळ लागतो. मी इकडेतिकडे बघितलं. नंदाच्या आईने पुढे केली ती मोरली, म्हणजे मासळी कापायची विळी. बी म्वानाइशाच्या आत्म्याला मनातल्या मनात हात जोडले आणि मी ते कातडं गोल कापलं. माझं सगळ्यात सुरेख कातडं, कोलंबीच्या विळीवर. फाटताना जो आवाज झाला तो आजही दाताला लागतो.

चांगुणाबाईंनी खोळ आडवा केला. रुंद तोंड जात्याकडे, अरुंद तोंड आपल्याकडे. खाली उपडं घमेलं ठेवून टेकवला. आणि त्यात तोंड घालून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

उगाच चमत्कार सांगत नाही. आवाज गोड नव्हता. पहिला होता तसाही नसणार, मी पहिला ऐकलेला नाही. पण आवाज होता. विहिरीतून आल्यासारखा, जाड, जरा थरथरता. पाचही बायकांपर्यंत पोचणारा. गंगूआयने ओळ उचलली, मग बाकीच्यांनी, जातं फिरायला लागलं. बाहेर वडे खाणारे मांडवाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. पहिला धवळा संपला तशी नंदा हळदीच्या पाटावरून ओरडली, "आजी, तू टाकीत बसून गातंस आसा वाटतंय!" आणि मांडवभर हशा झाला. चांगुणाबाईही हसल्या, खोळात तोंड असतानाच. त्यामुळे ते हसूही आम्हाला मोठं होऊन ऐकू आलं.

मग शिंकवालीने शिंक दिली.

दामूने कॅसेट पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी भटजी आले, त्यांना त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "बसा जरा, आयेचा होऊंदे."

लग्नानंतर मी त्यांच्यासाठी दुसरा खोळ केला. हलका, पातळ, खांद्याला लावायला दोरी, तोंडाची कड लाखेने गुळगुळीत केलेली. तेव्हाच त्यांना नीट विचारलं, पहिल्या दिवशी दुकानात काय झालेलं? म्हणाल्या, "मी आत बोलले नि मना मी आयकू आले." एवढंच. अगं, मी कान दिला असता तर दोन मंगळवारांत काम होणारं होतं. नंदाच्या हळदीला ती शरम, ती मोरली, काही लागलं नसतं. धंद्यात माणूस जरा मुरला की गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते गिऱ्हाईकाच्या आधी त्यालाच कळतं असं त्याला वाटायला लागतं. ही खोड माझीही होती. त्या दिवशी मोडली, पण दुसऱ्याच्या मांडवात मोडली.

त्यानंतर त्या पाच-सहा वर्षं लग्नांना जात होत्या. बाळकुम, कोलशेत, एकदा डोंबिवलीला एका हॉलमध्येसुद्धा. हॉलच्या मॅनेजरने खोळ बघून विचारलं, "यात दारूबिरू नाही ना?" खोळ उचलायला कोणी लागायचं, ती मी. दुकान आमचे हे सांभाळायचे, आणि रोज एखादा ढोल चुकीच्या किमतीला विकायचे. मी खोळ घमेल्यावर टेकवून द्यायचे आणि शेजारी गप्प बसायचे. गप्प. वाजवायला पुन्हा हात शिवशिवला नाही. बसून बसून धवळे माझ्या कानात भरले. मंगळवारी दुकानात मी गुणगुणायचे, त्या चुकीवर बोट ठेवायच्या. "हितं दम नाय घेवाचा. हितं घे." शब्द वहीत लिहून घेतले, एकोणीस धवळे आहेत. पण दम कुठे घ्यायचा ते वहीत लिहिता येत नाही. खूप खुणा करून बघितल्या. रेघा, टिंबं, चांदण्या. आता माझी मलाच ती वही कळत नाही.

नव्वदचं दशक संपता संपता मी दुकान बंद केलं. बाळकुमला आंबे उरले नव्हते, आणि लोकांना घरात शोभेला ठेवायला हलकं, स्वस्त काहीतरी हवं झालेलं. त्याचं फार वाईट वाटलं नाही. बंद व्हायची वेळ झाली की दुकान बंद होतं. चांगुणाबाई त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या. जायच्या आधी मला म्हणाल्या, "तू मांडवात गावू नको हां. तो तुजा काम नाय." मला जरा लागलंच. मग म्हणाल्या, "तू फकस्त ठेव. आमच्यातली कोन पोर आली मागाला तर दे."

मी शब्द पाळला. कुठल्याही मांडवात गायले नाही, कोणी आग्रह केला तरी. सकाळी घरकाम करताना मात्र एकेक म्हणते, रोज एक, क्रमाने, म्हणजे विसरायला नको. एकोणीस दिवसांनी पुन्हा पहिला. नंदा येते, बसते, ऐकते, डोळे पुसते आणि सांगते, "मावशी, माझ्या गळ्यात सूरच नाही." तिच्यासमोर मी मोबाइलमध्येही म्हणून ठेवलेत. पण मोबाइल बोट ठेवून सांगत नाही ना, इथे नाही, इथे घे.

गेल्या महिन्यात बारावा म्हणताना मधली ओळ आठवेना. दोन दिवसांनी आठवली, भांडी घासताना. तोपर्यंत मी वही उघडली नाही की मोबाइल लावला नाही, पहिल्या ओळीपासून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

तुझ्या आईकडून कळलं, तुझी आजी कोलशेतची, खाडीवरच्या कोळ्यांच्या घरातली. हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस. बरं, ते जाऊ दे. तुला गाता येतं की नाही हे मी विचारत नाही, ते आपण बघू. फक्त दिवाळीचे पाहुणे गेले की ये. एखादी मैत्रीण असेल तर तिलाही आण. आणि सकाळीच ये. अकरानंतर माझा आवाज बसतो.